‘संशोधनाचा शालेय कामकाजाशी संबंध स्पष्ट करावा’ : बरं, करते स्पष्ट

प्रति,
शालेय शिक्षण, ग्रामविकास आणि उच्च शिक्षण ही तीन खाती चालवणारे साहेब आणि मॅडम,
तसंच विद्यापीठांच्या संशोधन समित्यांवर बसणारे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितेय कारण बंद पाकिटातली लिहून झाली. त्यांचे जावक नंबर माझ्याकडे आहेत, आवक नंबर कुणाकडे आहेत देव जाणे.

गेल्या मंगळवारी मधली सुट्टी संपत आली होती, खिचडीचं पातेलं धुवायला गेलं होतं आणि मी मोबाईलवर आहाराच्या नोंदी भरत होते, तेवढ्यात आमच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पत्राचा वाकडा फोटो पडला. वर माझं नाव, खाली ‘आपला प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत करण्यात येत आहे’. तिसऱ्यांदा. प्रस्ताव कसला, तर माझ्या पीएचडीसाठी तीन महिने अध्ययन रजेचा. या वेळी त्रुटी दोन. पहिली, विद्यापीठाच्या बोनाफाईडची मूळ प्रत जोडलेली नाही (जोडली होती, पहिल्या वेळी. ती त्याच फाईलला राहिली, मग दुसऱ्या वेळी झेरॉक्स चालेल म्हणाले, आता झेरॉक्स चालत नाही). आणि दुसरी, जी मी उभ्या उभ्या तीनदा वाचली, ‘संशोधनाचा शालेय कामकाजाशी असलेला संबंध स्पष्ट करावा’.

माझ्या पीएचडीचा विषय आहे, दुसरीची मुलं दोन अंकी संख्या ऐकून लिहितात तेव्हा होणाऱ्या चुका. मी दुसरीला शिकवते.

तालुक्याचं नाव लिहीत नाही, ऑफिसचं नाही, विद्यापीठाचंही नाही. माझं भांडण कुणा एका क्लार्कशी नाहीये, आणि नाव लिहिलं की उद्या खुलासा मागतील आणि तो लिहिण्यात अजून एक रविवार जाईल. एवढं सांगते की जिल्हा परिषदेची शाळा आहे, सीमाभागातली, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, आणि गावात निम्म्या घरांत कन्नड बोलतात. मला सतरा वर्षं झाली. तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले होते, मग नोकरी करत करत मुक्त विद्यापीठातून बी.एड., मग एम.ए. शिक्षणशास्त्र, मग पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, आणि ऑगस्ट २०२३ ला पीएचडीला पार्टटाइम प्रवेश. फेलोशिप नाही, मागतही नाही.

तर संबंध. वर्गात एकदा संख्यालेखन घेत होते. म्हणलं, लिहा त्रेपन्न. पाट्या वर केल्या तर अर्ध्या वर्गाने ३५ लिहिलेलं. आता यात पोरांचं काय चुकलं सांगा, कानावर आधी ‘त्रे’ येतो म्हणजे तीन, मग पन्नास, तर हाताने आधी तीन लिहिला, मग पाच. मी फळ्यावर दशक-एकक करून दाखवलं, परत सांगितलं, परत तेच. आणि मागच्या रांगेत एक मुलगी, मराठी तिची अजून अडखळतच होती, ती त्रेपन्न ऐकून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि तिने बरोबर ५३ लिहिलं. जवळ जाऊन विचारलं काय म्हणालीस गं, तर लाजत लाजत म्हणाली ‘ऐवत्तमूरु’. कन्नडमध्ये त्रेपन्न. ऐवत्त म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. घरी दुकान आहे, आकडे तोंडपाठ. पन्नास आधी येतो म्हणून पाच आधी लिहिला जातो. म्हणजे ज्या पोरीला आम्ही मराठीत कच्ची म्हणून बाजूला बसवलेलं ती आपल्या घरच्या भाषेचा पूल करून बरोबर पलीकडे गेली आणि पक्की मराठी पोरं पाण्यात.

त्या दिवसापासून एक दोनशे पानी वही घातली. तारीख, कुठली संख्या, पोराने काय लिहिलं, घरी कोणती भाषा. एकोणसाठचं तर विचारूच नका, ‘साठ’ ऐकू येतो म्हणून कुणी ६९ लिहितं, कुणी ६१. आणि मग एक जण विचारतो की बाई एकोणसाठ आहे, एकोणसत्तर आहे, तर नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत? मला उत्तर आलं नाही, अजूनही नीट येत नाही.

२०१९ चा जून तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात नेहमीच्या वाचनाच्या जोडीला ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात जे काही पेटलं! चॅनेलवर चर्चा, विधानसभेत टोमणे, मराठी भाषा बुडाली म्हणून लेख, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर. गणित समितीच्या मंगला नारळीकर बाई बिचाऱ्या शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून हा पर्याय दिलाय, सक्ती नाही. कोण ऐकतंय. मला त्यांची बाजू पूर्ण पटली होती असंही नाही, पण एक गोष्ट तेव्हा खटकली ती आजही खटकते, की त्या सगळ्या गदारोळात एकाही माणसाने दुसरीच्या पोराची वही हातात धरून दाखवली नाही. संपादक बोलले, आमदार बोलले, कवी बोलले. आणि ज्यांच्याकडे त्या वह्यांचे गठ्ठे होते ते आम्ही, आम्हाला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी आमच्याकडे नोंदलेलं काही नव्हतं, नुसती ‘पोरं चुकतात हो’ एवढीच तक्रार होती. आता आहे नोंदलेलं. हा संबंध. शालेय कामकाजाशी.

आता मुद्द्यावर येते. जसे डोक्यात आले तसे मुद्दे लिहितेय.

पहिलं एनओसी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नवे नियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आले. त्यात पार्टटाइम करणाऱ्याला नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत लागते आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहायच्या असतात: याला पार्टटाइम शिकायची परवानगी आहे, याच्या कामातून याला संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्गांसाठी, याला कामातून मोकळं करू. तीन साधी वाक्यं. ती मिळवायला मला एक पूर्ण प्रवेशवर्ष घालवावं लागलं, आधीची पेट पास होऊन वाया गेली कारण प्रवेशाची तारीख संपली तेव्हा फाईल ‘सह्यांना’ होती. आणि शेवटी जी एनओसी आली तिच्यात पहिली दोन वाक्यं होती, तिसऱ्याच्या जागी लिहिलं होतं ‘अध्यापनावर परिणाम होणार नाही व कार्यमुक्त केले जाणार नाही या अटीवर’. म्हणजे नियमात जे द्या म्हणलंय तेच देणार नाही अशी अट.

एवढा वेळ का लागतो याचं उत्तर मला एका भल्या विस्तार अधिकाऱ्यांनी चहा पाजून सांगितलं. तुम्ही शिकवता काय ते शालेय शिक्षण विभाग बघतो, तुमची नोकरी-बदली-रजा ग्रामविकासाकडे, आणि पीएचडी हा विषय उच्च शिक्षणाचा, तर तुमची फाईल कुणाची? हसत हसतच म्हणाले, पण खरंय ते. तुम्हा तिघांनाही एकाच पत्रात हाका मारण्याचं कारण हेच. ‘दफ्तर दिरंगाई’चा २००५ चा कायदा महाराष्ट्रात आहे, एका टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात आहे. माझी फाईल राहत नाही कुठेच, हे मात्र खरं, ती फिरतेच आहे.

दुसरं, घड्याळ. पीएचडीला प्रवेशापासून सहा वर्षं. पुढे पुनर्नोंदणी करून दोन, बायकांना अजून दोन, पण एकूण दहाच्या वर नाही. माझे सहा ऑगस्ट २०२९ ला संपतात. फाईल तुमच्याकडे पडून असते तेव्हा हे घड्याळ थांबत नाही. पहिला प्रस्ताव, दुसरा, तिसरा असं धरून चौदा महिने गेले, ते माझ्या सहा वर्षांतले गेले, तुमच्या कुठल्याच खात्यातून गेले नाहीत.

तिसरं कोर्सवर्क. किमान १२ क्रेडिट. माझ्या सेंटरने ते दिवाळीच्या सुट्टीत आणि उरलेलं जानेवारी २०२४ मध्ये दहा दिवस सलग लावलं. दिवाळी ठीक, माझी मी गेले. जानेवारीत नेमकं २३ तारखेपासून मागासवर्ग आयोगाचा सर्व्हे लागला, दीडशेच्या वर प्रश्न असलेलं ते ॲप घेऊन घरोघर, आणि प्रगणक कोण, तर आम्हीच. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्ये शिक्षकाला लावता येणारी बिगरशैक्षणिक कामं तीनच लिहिलीत, दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. हा सर्व्हे त्यातल्या कशात बसतो ते मी तेव्हाही विचारलं होतं. तर सकाळी आठ ते अकरा सर्व्हे, मग एसटीने दोन तास, दुपारी कोर्सवर्क, रात्री परत येऊन नेटवर्क मिळेल त्या टेकाडावर उभं राहून फॉर्म सिंक करायचे. शाळा त्या आठवड्यात कुणी चालवली? तर माझ्या जोडीच्या सरांना वेगळी वस्ती दिली होती, ते तासभर येऊन जायचे, बाकी अंगणवाडीच्या ताईंनी पोरं सांभाळली. मग मला परत विचारायचंय की सर्व्हेसाठी आठवडाभर वर्ग सोडला तर अध्यापनावर परिणाम होत नाही आणि संशोधन पद्धती शिकायला दहा दिवस सोडला तर होतो, हे कसं काय? कोर्सवर्कच्या ठिकाणी सुपरवायझरने ‘हजेरी पंचाहत्तर टक्के पाहिजे हां’ असा दमही दिला, त्यांचंही बरोबरच म्हणा.

आणि एक गंमत. त्याच २०२२ च्या नियमात आहे की प्रत्येक पीएचडी करणाऱ्याने, विषय कुठलाही असो, शिकवण्याचं, अध्यापनशास्त्राचं प्रशिक्षण घ्यायचं. हेतू चांगलाय, उद्याचे प्राध्यापक आहेत ते. पण त्या पिरियडला मी बसले होते, पहिल्या बाकावर, आणि एमए होऊन थेट आलेला चोवीस वर्षांचा मुलगा मला पाठ टाचण कसं काढायचं ते पीपीटीवर दाखवत होता. छान दाखवलं त्याने. मी टाळ्या वाजवल्या.

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त लागलाय, तो विद्यापीठातल्या सर-मॅडमना. माझा आराखडा समितीपुढे ठेवला तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘अहो बाई, हे कृतिसंशोधन झालं. हे डी.एड.ला, बी.एड.ला ठीक. पीएचडीला नमुना मोठा लागतो.’ (कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेला छोटा अभ्यास.) आणि सुचवलं काय, तर जिल्ह्यातल्या चारशे शिक्षकांना प्रश्नावली द्या, ‘संख्यावाचनाच्या नवीन पद्धतीबाबत प्राथमिक शिक्षकांच्या अभिवृत्तीचा अभ्यास’, पाच पर्याय, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत, टी टेस्ट लावा, स्त्री-पुरुष फरक काढा, ग्रामीण-शहरी फरक काढा, झालं. सर, तशा प्रश्नावल्या आम्हाला दर महिन्याला येतात, गूगल फॉर्म असतो, केंद्राच्या ग्रुपवर ‘कृपया आजच भरा’ असं येतं आणि आम्ही खिचडी शिजेपर्यंत पाच मिनिटांत ‘सहमत, सहमत, सहमत’ करत जातो. मी स्वतः भरलेत असे, नाव घेत नाही, कुणाकुणाच्या डॉक्टरेटमध्ये माझं ‘सहमत’ पडलेलं असेल. त्याला तुम्ही डेटा म्हणता, आणि पाटीवर ३५ लिहिलेलं पोर म्हणजे कृतिसंशोधन?

इथे मला ते एड.डी. आणावं लागतंय. स्टाफमध्ये हा शब्द काढला की सगळे म्हणतात, बाई ईडी लागली का मागे! तर ती ईडी नव्हे. शाळेत, शिक्षणखात्यात काम करणाऱ्यांनी काम न सोडता करायची डॉक्टरेट असते ती. अमेरिकेत हार्वर्डने पहिली १९२१ मध्ये दिली. इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ ला सुरू केली आणि मग तिथे बऱ्याच विद्यापीठांत आली. २००७ पासून अमेरिकेतली कितीतरी विद्यापीठं कार्नेगी फाउंडेशनच्या एका प्रकल्पात एकत्र येऊन हेच ठरवत बसलीत की या पदवीचा प्रबंध पुस्तकी प्रश्नावर नको, रोजच्या कामात छळणाऱ्या प्रश्नावर हवा, ‘प्रॉब्लेम ऑफ प्रॅक्टिस’ म्हणतात त्याला. सगळं गोड आहे असं नाही. तिथेही एड.डी.ला हलकी पीएचडी म्हणून नाकं मुरडतात, आणि हार्वर्डने तर पुढे ती बंद करून पीएचडीच सुरू केली. म्हणून मी ‘तिकडचं आणा’ असं म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की वर्गातल्या शिक्षकाचा वर्गातला प्रश्न हा डॉक्टरेटचा विषय असू शकतो की नाही यावर शंभर वर्षं डोकी लावून झालीत, आपल्याकडे मात्र तो एका वाक्यात निकालात निघतो.

आणि आपल्याकडे काय कमी होतं हो? शिक्षणशास्त्रातली भारतातली पहिली पीएचडी मुंबई विद्यापीठाने दिली, १९४३ ला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला, मग कोसबाडला आदिवासी पोरांच्या अंगणात जाऊन बसल्या आणि पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांकडे नेली, तिथून अंगणवाडीचा विचार देशभर गेला. चारशे जणांची प्रश्नावली काढून नव्हे.

(माझ्या गाइड मॅडम चांगल्या आहेत, हे लिहायलाच हवं. त्यांनीच समितीत भांडून विषय वाचवला. पण त्यासाठी शीर्षकात ‘चिकित्सक’ आणि ‘परिणामकारकता’ हे दोन शब्द घालावे लागले. असो.)

पाचवं, वाचायचं काय आणि कुठून. जर्मन भाषेतही त्रेपन्नला ‘तीन आणि पन्नास’ असंच म्हणतात आणि तिथल्या लहान पोरांच्या उलट्या अंकांवर चांगलं संशोधन झालंय. हे मला कळलं तेव्हा एवढा आनंद झाला, की आपली पोरं एकटी नाहीत! लेख उघडायला गेले तर पैसे मागतंय, आणि एका लेखाचे म्हणजे माझ्या महिन्याच्या एसटी पासाएवढे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक देश एक सदस्यता’ मंजूर केली, तीन वर्षांना ६००० कोटी, तेरा हजारांच्या आसपास जर्नलं. उत्तम योजना. सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. शाळा त्यात नाही, शाळेतला शिक्षक नाही. मी संशोधक आहे महिन्यातल्या दोन शनिवारी, सेंटरच्या कॉम्प्युटरपुढे बसते तेव्हा, बाकीचे दिवस मी फक्त बाई.

आणि शोधगंगा, म्हणजे देशातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. मराठीतले प्रबंध आहेत तिथे, पण कितीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, ‘संख्या’ शोधलं तर काही सापडत नाही, कॉपी केलं तर चिनी की काय असं काहीतरी उमटतं. एकेक पीडीएफ डोळ्यांनी चाळायची. आपलंच आपल्याला सापडू नये अशी सोय कुणी केली असेल तर ती आपणच केलीय.

अजून दोन पटापट. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास करायचा असं आहे. व्हिडिओ लावून ठेवला, खाली आलेल्या पाच प्रश्नांवर टिक केलं की सर्टिफिकेट येतं, ते धरतात. माझं अख्खं कोर्सवर्क धरा म्हणलं तर ‘त्या टॅबमध्ये तसा ऑप्शन नाही’. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्या आम्हा जुन्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचीय. कोर्टाचा निकाल आहे, अभ्यास चालू आहे, तक्रार नाही. फक्त चित्र डोळ्यांसमोर आणा, की त्याच टेबलावर डावीकडे प्रबंधाचं तिसरं प्रकरण आणि उजवीकडे टीईटीचं गाइड.

आणि हे सगळं असं असल्यामुळे जे होतं ते तुम्हालाही माहितीये. ‘विषय निवड ते व्हायवा, संपूर्ण मार्गदर्शन, हप्त्याची सोय’ असे मेसेज मला आठवड्याला येतात. आमच्यातलेच काही घेतात ती सोय. मला त्यांचा राग येतो, पण फाईल तिसऱ्यांदा परत आली त्या रात्री मी तो मेसेज डिलीट करायच्या आधी जरा जास्त वेळ बघत बसले, हेही खरंय.

आता तुमची बाजू. ती नाही असं मी म्हणणार नाही. मी तीन महिने अध्ययन रजा मागितलीय, डेटासाठी आणि लिहिण्यासाठी. रजा नियमांत, म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये, अध्ययन रजा आहे, मी काही जगावेगळं मागत नाही. पण द्विशिक्षकी शाळेतली एक बाई तीन महिने गेली तर दुसऱ्या सरांनी पहिली ते चौथी एका खोलीत बसवायची, हे मलाही दिसतं. सर मला काही बोलले नाहीत, ‘घ्या रजा, बघू’ म्हणाले, पण त्यांचा चेहरा मी बघितला. पहिलीचं पोर अक्षर गिरवत असताना चौथीचा भागाकार कसा घ्यायचा? ज्या पोरांच्या वह्यांवर मी डॉक्टर होणार त्याच पोरांचे तीन महिने मी घेणार, हा हिशोब मला झोपू देत नाही. म्हणून माझी रजा अडवणाऱ्या साहेबांना मी वाईट म्हणत नाही. पण अडवताना ‘बदली शिक्षक देता येत नाही म्हणून अडवतोय’ असं सरळ लिहा ना. ‘संबंध स्पष्ट करावा’ काय?

मागण्या. साध्या आहेत.

एनओसी आणि रजेच्या प्रस्तावाला तीस दिवसांत हो किंवा नाही असं लेखी उत्तर द्या, नाही असेल तर कारणासकट, आणि सगळ्या त्रुटी पहिल्याच वेळी एकदम काढा. तीस दिवसांत काही आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं.

तिन्ही खात्यांनी मिळून एकच जीआर काढा, त्यात शिक्षकाच्या पीएचडीची फाईल कुणी निकाली काढायची त्या एका अधिकाऱ्याचं पद लिहा. नाव नको, पद.

एनओसीचा नमुना यूजीसीच्या तीन वाक्यांचाच ठेवा. चौथं वाक्य जोडू नका, तिसरं खोडू नका.

विद्यापीठांनी नोकरीवाल्यांचं कोर्सवर्क मे महिन्यात, दिवाळीत आणि शनिवार-रविवारी लावावं. आम्ही येतो, सुट्टी गेली तरी चालेल.

अध्ययन रजा सलग तीन महिने जमत नसेल तर तुकड्यांनी द्या, आणि त्या काळात शाळेला मानधनावर बदली शिक्षक द्या. निवृत्त गुरुजी आहेत गावोगाव, डी.एड. होऊन घरी बसलेली पोरंपोरी तर किती आहेत. बदली शिक्षक मिळाल्याशिवाय मला सोडू नका, हे मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे.

विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र मंडळांनी ठरवून टाकावं की स्वतःच्या वर्गावर, स्वतःच्या शाळेवर केलेला खोल अभ्यास पीएचडीला चालतो, आणि अशा प्रबंधाच्या व्हायवाला एक तरी माणूस असा बोलवा जो सध्या शाळेत शिकवतो. एड.डी. म्हणा, पीएचडी म्हणा, नावाशी मला देणंघेणं नाही.

डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, एक कॉम्प्युटर आणि ‘एक देश एक सदस्यता’चं लॉगिन, शिक्षकाला ओळखपत्र दाखवून बसता येईल असं. आणि कोर्सवर्कचे तास ५० तासांत धरायला त्या टॅबमध्ये एक ऑप्शन घाला, एक दिवसाचं काम असेल कुणा इंजिनिअरचं.

पगारवाढ मागितली नाही, बढती मागितली नाही. परवा जोडीचे सर विचारत होते, पीएचडी झाली की पोषण आहाराच्या बिलावर ‘डॉ.’ लावून सही करणार का? बघू म्हणलं.

बोनाफाईडची मूळ प्रत परवाच्या शनिवारी नव्याने आणलीय, विद्यापीठात त्याचे शंभर रुपये घेतले. संबंध वर स्पष्ट केलाय, याच पत्राची प्रत चौथ्या प्रस्तावाला जोडतेय, पृष्ठांकन करून. सोमवारी मधल्या सुट्टीत फोन करेन, कुठल्या टेबलावर आहे तेवढं सांगा.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
इयत्ता पहिली व दुसरी

ता. क. ती ‘ऐवत्तमूरु’वाली आता चौथीत आहे. काल तिने मला विचारलं, बाई तुमची ती चुकांची वही भरली का? म्हणलं पहिली भरली, दुसरी चालू आहे. तर म्हणाली, माझी चूक आहे का त्यात? तिची एकच आहे, १७ चे ७१. सतराला कन्नडमध्ये हदिनेळु, तिथे दहा आधी येतो, म्हणजे तो पूल तिला मिळायला हवा होता. का चुकली ते मला अजून कळलेलं नाही.